शून्याचीही नोंद

५१,०००. ऑगस्ट १९९० ते डिसेंबर २००३ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या समुद्रात एकाच जहाजाच्या तेलामुळे मेलेल्या पक्ष्यांचा हा अंदाज आहे. ते जहाज मात्र १४ जुलै १९५३ रोजीच बुडालेलं होतं.

जेकब लुकेनबाख हे त्या जहाजाचं नाव. कोरियाकडे युद्धसामग्री घेऊन निघालेलं हे जहाज गोल्डन गेटच्या बाहेर दुसऱ्या जहाजाशी धडकलं आणि सुमारे ५५ मीटर खोल पाण्यात तळाला गेलं. पोटात सुमारे १७ लाख लिटर इंधन होतं. चाळीसएक वर्षं पोलाद गंजत राहिलं आणि मग हिवाळी वादळं आली की तेल थोडंथोडं वर यायला लागलं. किनाऱ्यावर तेलात माखलेले पक्षी सापडायचे, डांबरगोळे लागायचे. पण कुठेही अपघाताची खबर नसायची. संशय साहजिकच येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर होता. अखेर २००२च्या फेब्रुवारीत पिसांवरच्या आणि डांबरगोळ्यांमधल्या तेलाची रासायनिक ओळख या जहाजातल्या तेलाशी जुळली. त्याच वर्षी पाणबुड्यांनी त्यातून जवळपास चार लाख लिटर तेल उपसून काढलं. जिथे हात पोचत नव्हता ते तेल आत ठेवून भोकं बुजवली. पुढे पक्ष्यांच्या अधिवासाची भरपाई म्हणून २ कोटी २७ लाख डॉलरचे प्रकल्प मंजूर झाले.

या तपासात प्रयोगशाळेचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधी तो कोणीतरी किनाऱ्यावरून उचलावा लागतो, आणि हे नेहमीचं आहे की नेहमीपेक्षा जास्त, हे कोणालातरी ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असणारी माणसं पगारी नव्हती. १९९३मध्ये तिथल्या फॅरालोन्स सागरी अभयारण्याने 'बीच वॉच' नावाचा उपक्रम सुरू केला. सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक किनाऱ्याचा ठरवून दिलेला एकेक तुकडा दर दोन ते चार आठवड्यांनी पायाखाली घालतात. जिवंत पक्षी, मेलेले पक्षी, सील आणि सागरी सिंह, तेलाचे डाग, डांबरगोळे यांची नोंद करतात, आणि त्याच कागदावर किनाऱ्यावरच्या माणसांची आणि कुत्र्यांचीही.

या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आकडा शून्य आहे, असं माझं मत आहे.

समजा, एका किनाऱ्यावर आज सहा मेलेले पक्षी सापडले. बातमी होईल, समाजमाध्यमांवर फोटो फिरतील. पण सहा म्हणजे जास्त की कमी? हे सांगायला दोन गोष्टी लागतात. एक, किती किलोमीटर चालल्यावर सहा सापडले. तीन किलोमीटरमध्ये सहा म्हणजे किलोमीटरला दोन. तीस किलोमीटरमध्ये सहा म्हणजे किलोमीटरला ०.२. दुसरं, याआधी याच तुकड्यावर, याच महिन्यात, किती सापडत होते. मागच्या बारा फेऱ्यांपैकी नऊ फेऱ्यांमध्ये काहीच नव्हतं, हे लिहून ठेवलेलं असेल तरच आजचा सहा बोलायला लागतो. आणि माणसाचा स्वभाव असा की काही दिसलं तर तो सांगतो, काही दिसलं नाही तर घरी जातो. रिकाम्या फेरीचा अर्ज भरायला शिकवणं हा या उपक्रमांमधल्या प्रशिक्षणाचा खरा गाभा आहे. पक्षी ओळखायला पुस्तकं आणि फोटो मदतीला असतात. 'आज शून्य' असं लिहायची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

किनाऱ्याच्या बाबतीत 'किती किलोमीटर' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे आपल्याकडच्या एका आकड्यावरून लक्षात येईल. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशकं ७,५१६.६ किलोमीटर सांगितली जात होती. नव्या मोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर भरली. महाराष्ट्राची ६५२.६ वरून ८७७.९७ झाली. समुद्राने जमीन दिली नाही. जुनी मोजणी १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावर होती, नवी १:२.५ लाखाच्या. नकाशा जितका बारीक, तितक्या खाचाखोचा जास्त आणि लांबी जास्त. खडकाळ किनाऱ्यावर तर हे फारच जाणवतं. म्हणून स्वयंसेवकांचे तुकडे एकदा आखले की बदलत नाहीत. सुरुवातीचा खडक तोच, शेवटचा खडक तोच, चालायची वाटही शक्यतो तीच. लांबी अचूक किती यापेक्षा ती दरवेळी सारखी असणं जास्त मोलाचं.

मेलेला पक्षी सापडला की काय करतात, तेही जवळून बघण्यासारखं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९९मध्ये सुरू केलेल्या 'कोस्ट' या उपक्रमात स्वयंसेवक आधी पाय बघतो: बोटांमध्ये पडदा आहे का, मागचं बोट आहे का. मग चोच, पंख आणि पायाची नळी मोजतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. आणि शेवटी पक्ष्याला रंगीत प्लास्टिकची पट्टी बांधून तिथेच ठेवतो. पुढच्या फेरीत तो पुन्हा दिसला तर दोनदा मोजला जात नाही. पट्टी बांधलेले पक्षी किती दिवसांनी नाहीसे होतात यावरून आणखी एक आकडा मिळतो: किनाऱ्यावर मृतदेह टिकतो किती. वाळूवर गिधाडं, कोल्हे, कुत्री तो पळवतात. खडकांवर तो कपारीत अडकतो किंवा पुढच्याच भरतीला परत जातो.

या शेवटच्या आकड्याशिवाय किनाऱ्यावरून समुद्राचा हिशेब मांडताच येत नाही. समुद्रात मेलेल्यांपैकी बहुतेक पक्षी किनाऱ्याला लागतच नाहीत. काही बुडतात, काही खाल्ले जातात, वारा जमिनीकडून असेल तर आणखी दूर जातात. लागलेल्यांपैकी काही माणूस पोचण्याआधी गायब होतात, आणि उरलेल्यांपैकी काही समोर असूनही नजरेतून सुटतात. प्रत्येक टप्प्याचा एक गुणक असतो. अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून तेल सांडलं, तेव्हा सुमारे ३०,००० मृत पक्षी हाती लागले होते. मेलेल्यांचा अंदाज निघाला अडीच लाखांचा.

गुणक चुकला तर किती चुकतो, याचं उदाहरण गिलेमॉट पक्ष्याचं. काळी पाठ, पांढरं पोट, उभं राहायची ढब पेंग्विनसारखी, आणि अंडी थेट कड्याच्या खडकावर घालायची पद्धत. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकचं पाणी असाधारण तापलं, माशांची साखळी कोसळली आणि हे पक्षी उपासमारीने मरू लागले. २०१५च्या उन्हाळ्यापासून २०१६च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे ६२,००० गिलेमॉट मेलेले किंवा मरणासन्न अवस्थेत किनाऱ्याला लागले. त्यांतले साधारण तीन-चतुर्थांश अलास्काच्या आखातात. या मोजणीत बीच वॉच आणि कोस्टसारख्या उपक्रमांच्या स्वयंसेवकांचा मोठा हात होता. काही ठिकाणी नेहमीच्या हजारपट पक्षी सापडले, आणि 'हजारपट' हे म्हणता आलं ते आधीच्या कित्येक वर्षांच्या कंटाळवाण्या फेऱ्यांमुळे. २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी गुणक लावून एकूण मृत्यूंचा अंदाज पाच लाखांहून अधिक ते १२ लाख असा मांडला.

चार वर्षांनी दुसऱ्या गटाने वेगळ्या वाटेने हिशेब केला. त्यांनी मृत पक्षी न मोजता अलास्कातल्या १३ वसाहतींमध्ये परत आलेले जिवंत पक्षी मोजले. संख्या ५२ ते ७८ टक्क्यांनी घटलेली होती. त्यावरून निघालेला मृत्यूंचा आकडा होता सुमारे ४० लाख, म्हणजे अलास्कातले जवळजवळ निम्मे गिलेमॉट. किनाऱ्यावरची मोजणी खोटी ठरली का? नाही. काहीतरी भयंकर घडतंय, कुठे घडतंय, कोणत्या महिन्यात शिगेला पोचलं, हे सगळं किनाऱ्यानेच सांगितलं आणि तेव्हाच सांगितलं. किती, हे मात्र किनाऱ्याने कमी सांगितलं. पायी घातलेल्या फेऱ्यांचा आकडा वाचताना हे कायम ध्यानात ठेवायला हवं: तो काळ आणि ठिकाण फार चांगलं सांगतो, एकूण संख्येच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतो.

शून्याचं मोल दाखवणारी आणखी एक गोष्ट त्याच किनाऱ्यावरची. २०१३पासून मेक्सिको ते अलास्का तारामाशांच्या वीसहून अधिक जातींना एका रोगाने गाठलं. हात गळून पडायचे, शरीर विरघळल्यासारखं व्हायचं. सर्वाधिक फटका बसला सूर्यफूल तारामाशाला. हा प्राणी जवळपास मीटरभर रुंद होतो आणि जांभळे सागरी साळू खातो. तो गेला, साळू माजले, त्यांनी केल्प हे मोठं समुद्री शेवाळ फस्त केलं आणि उत्तर कॅलिफोर्नियातली ९० टक्क्यांहून अधिक केल्पची जंगलं उजाड झाली. या तारामाशाची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी, म्हणजे अंदाजे ५७५ कोटींनी घटल्याचं सिद्ध झालं आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. या निष्कर्षामागे ३१ वेगवेगळ्या माहितीसंचांमधली ६१,०४३ सर्वेक्षणं होती. त्यांत सरकारी आणि विद्यापीठीय तुकड्यांबरोबर हौशी पाणबुड्यांच्याही नोंदी होत्या. प्राणी संपला हे दाखवायला 'बघितलं आणि नव्हता' अशा हजारो नोंदी लागतात. रोगाचं मूळ, विब्रिओ वंशातला एक जिवाणू, २०२५मध्ये सापडलं. मोजणारे बारा वर्षं आधीपासून कामाला लागले होते.

आता माणसांच्या मोजणीकडे. वन्यजीवांच्या अर्जात माणसांचे रकाने कशाला, असं पुष्कळांना वाटतं. त्याचं उत्तर ७ नोव्हेंबर २००७च्या सकाळी मिळालं. दाट धुक्यात कॉस्को बुसान हे मालवाहू जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाला घासलं आणि ५३,५६९ गॅलन, म्हणजे दोन लाख लिटरहून जास्त इंधन खाडीत सांडलं. अंदाजे ६,८४९ पक्षी मेले. त्याच पाहणीत दुसरा आकडा होता: लोकांचे किनाऱ्यावरचे १०,७९,९०० दिवस वाया गेले. फिरणं, मासेमारी, होडी, पोहणं, काहीच करता आलं नाही असे माणशी दिवस. २०११मध्ये एकूण ४ कोटी ४४ लाख डॉलरचा समझोता झाला. त्यातले पक्ष्यांसाठी ५० लाख, किनारी अधिवासासाठी ४० लाख, मासे आणि सागरी गवतासाठी २५ लाख. आणि लोकांच्या बुडालेल्या वापराच्या बदल्यात १ कोटी ८८ लाख, म्हणजे वरच्या तिन्ही रकमांच्या बेरजेहूनही जास्त. अपघाताआधी किनाऱ्यावर किती माणसं येत होती याचा काहीच पत्ता नसता, तर हा दावा कशाच्या जोरावर उभा राहिला असता?

कॅलिफोर्नियाने पुढे हे काम वेगळ्या उपक्रमातच बांधलं. १९९९च्या कायद्यानुसार २०१२पर्यंत तिथे १२४ सागरी संरक्षित क्षेत्रांचं जाळं पूर्ण झालं. राज्याच्या ताब्यातल्या समुद्राचा सुमारे १६ टक्के भाग त्यात येतो. 'एमपीए वॉच'चे स्वयंसेवक या क्षेत्रांत आणि मुद्दाम त्यांच्या बाहेरही ठरलेल्या पट्ट्यांवर चालून फक्त माणसं मोजतात. किनाऱ्यावरची आणि पाण्यातली वेगळी. वाळूवरची आणि खडकावरची वेगळी. काही नेणारी आणि काही न नेणारी वेगळी. खडकातल्या डबक्यांत नुसतं बघणारा एका रकान्यात, हाताने शिंपले काढणारा दुसऱ्यात, गळ टाकून बसलेला तिसऱ्यात. कुत्रा दोरीला बांधलेला की मोकळा, यालाही रकाना आहे. आणि एक कडक नियम: स्वयंसेवकाने कोणाला हटकायचं नाही. त्याचं काम वनरक्षकाचं नाही. त्याने दरडावायला सुरुवात केली तर लोक त्याला बघून वागणं बदलतील आणि आकडा बिघडेल.

या मोजणीत खोट राहते ती कुठे, हेही सांगितलं पाहिजे. स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी आणि चांगल्या हवेत जास्त येतात. माणसंही तेव्हाच किनाऱ्यावर जास्त असतात. त्यामुळे सरसकट सरासरी काढली तर गर्दी फुगलेली दिसते. गाडी उभी करायला जागा असलेल्या तुकड्यांना माणूस मिळतो, अर्धा तास कडा उतरून जायच्या तुकड्यांना मिळत नाही. ही खोट झाकण्यासारखी नाही आणि सुधारण्यासारखी नक्की आहे: प्रत्येक नोंदीबरोबर वार, वेळ, हवा आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहिली, तर रविवारची तुलना रविवारशीच करता येते. म्हणून मला अर्जावरचा पहिला, सगळ्यांना कटकटीचा वाटणारा भागच सर्वांत मौल्यवान वाटतो.

मुंबईच्या खडपांवर हेच काम वेगळ्या टोकाकडून सुरू झालं. २०१७मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ने नागरिकांना ओहोटीच्या वेळी हाजी अली, गिरगाव, जुहू, कार्टर रोडच्या खडकांवर नेलं. या शहराच्या पाण्यात काही जगत असेल यावर फार जणांचा विश्वास नव्हता, तिथे ५००हून अधिक जातींची नोंद झाली. प्रवाळ, ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी, स्पंज, समुद्रफुलं. हे काम किती मोठं आहे हे सागरी किनारा मार्गाच्या वादात दिसलं. मरीन ड्राइव्ह ते वरळी १०.५८ किलोमीटरच्या या रस्त्याची किनारा नियमन परवानगी १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने वरळी आणि हाजी अलीच्या १८ प्रवाळ वसाहती २०२०मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकरवी दुसरीकडे हलवाव्या लागल्या. खडकावर कोणी वाकून बघितलंच नसतं, तर हलवायला काही आहे हा प्रश्नच आला नसता.

पण जातींची यादी आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी सांगते की हा प्राणी इथे आहे. मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला का, हे ती सांगू शकत नाही, कारण फोटो दिसलेल्याचा निघतो, न दिसलेल्याचा निघत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची मुंबई बंदराबाहेर टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हा नागरिकांचा हा उपक्रम सुरू व्हायला अजून सात वर्षं होती. दर पावसाळ्यात जुहूपासून गोव्यापर्यंत डांबरगोळे किनाऱ्याला लागतातच. गोव्यातल्या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवण्याचं काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेलंही आहे. म्हणजे प्रयोगशाळा आपल्याकडे आहे. त्याच तुकड्यावरून, त्याच पद्धतीने, दर पंधरवड्याला चालणारी माणसं हवी आहेत.

निसर्गाने वेळापत्रक तर आयतं दिलं आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, आणि मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. वर्षात अशी पंचवीसएक उधाणं. पावसाळ्याचे चार महिने वगळले, कारण तेव्हा शेवाळलेल्या खडपावर पाय ठेवणं जिवावरचं, तर सोळा-सतरा उरतात. अर्ध्या किलोमीटरचा एक तुकडा, दोन माणसं, तासभर. एका तुकड्याचे वर्षाला सोळा अर्ज, शून्यांसह.

त्या अर्जावर माणसांचे रकाने आखताना कॅलिफोर्नियाची नक्कल चालणार नाही. तिथे खडकावरचा माणूस बहुतेक हौसेने आलेला असतो. आपल्याकडे पहाटेच्या ओहोटीला खडपावर कालवं फोडत बसलेली कोळीण रोजीरोटीसाठी आलेली असते. बोटीची नोंदणी होते, जाळ्याची होते. हाताने कालवं काढणारीची होत नाही. वरळीच्या कोळ्यांनी आपल्या बोटी सुरक्षित जाव्यात म्हणून किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधलं ६० मीटरचं अंतर वाढवून मागितलं आणि दीर्घ आंदोलनानंतर ते १२० मीटर झालं. बोट किती रुंद, लाट किती, हे मांडता आलं. भरावाखाली गेलेल्या खडपावर किती बायका किती ओहोट्यांना किती पाट्या कालवं काढत होत्या, हे मांडायचं तर त्यांची वहीच नव्हती. 'मानवी उपद्रव' अशा सरसकट रकान्यात त्यांना कोंबणं हा अन्याय होईल आणि आकडाही चुकीचा होईल. त्यांचा रकाना वेगळा हवा: किती जणी, किती वेळ, काय नेलं. तो कसा आखायचा हे त्यांनाच विचारून ठरवायला हवं, कारण कोणत्या खडपावर कालवं कमी झाली आणि कधीपासून, हे त्या आजही सांगू शकतात.